काचा मी बुजवल्या नाहीत

“भोकं शिवणं तुमच्या रक्तातच आहे ना? मग एक गाडी धड शिवता येत नाही?”

साहेब सगळ्यांसमोर बोलला. माझा बाप मोताळ्याच्या बाजारात चपला शिवतो. बुलढाण्याच्या त्या ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक. दोघं हसले. बाकीच्यांनी स्क्रीनमध्ये तोंड घातलं. मी इंजिनिअर. मान खाली घालून उभी.

आमचं काम असं. गाडीत अँटेना कुठे बसवायची, हे आधी सॉफ्टवेअरमध्ये तपासतात. त्यासाठी गाडीचा पत्रा कॉम्प्युटरवर बारीक त्रिकोणांच्या जाळीने मढवायचा. जाळीत फट राहिली की उत्तर चुकतं. त्या फटी मी एकेक शोधून बुजवायची. ही गाडी रुग्णवाहिका होती. अँटेना आत, पुढच्या काचेजवळ. काचांच्या जागा मी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. काचेतून लहरी जातात, पत्र्यातून जात नाहीत. पण उघड्या कडा दिसल्या की सॉफ्टवेअर अडायचं, आणि साहेबाला घाई.

“डोकं चालवू नकोस,” म्हणाला. मला उठवून माझ्या खुर्चीत बसला आणि सगळ्या काचांवर पत्रा चढवला. तशीच फाइल गिऱ्हाइकाकडे गेली. त्यांच्या तपासणीत उत्तर आलं, लहरी गाडीबाहेर पडतच नाहीत. गिऱ्हाईक भडकलं.

साहेबाला आता माझी कबुली हवी होती.

“चूक माझी, असा गिऱ्हाइकाला ईमेल टाक. तुमच्या लोकांकडून कोण जास्त अपेक्षा करतं?”

तोवर मला लाज वाटत होती. ती तिथेच मेली. राग आला, नुसता राग. दोन वर्षं त्या ऑफिसात मी जपून शहरी बोलले होते. त्या दिवशी घरची बोली तोंडातून निघाली.

“काचा तुमी बुजवल्या. मी काऊन लिहू? कोनतं भोक बुजवाचं अन् कोनतं ठेवाचं, माझ्या बापाले समजते. तुमाले नाई समजत.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“नाई येत. पन खरं काय ते पाठवून जाईन.”

मी बसले. गिऱ्हाइकाच्या ईमेलला दोन्ही जाळ्यांच्या फाइली जोडल्या, माझी आणि त्याची. काचा कोणी बुजवल्या ते लिहिलं. माझ्या बाजूने कोणी उठलं नाही.

आजवर ईमेलखाली मी नुसतं नाव टाकायची. आडनाव वाचलं की माणसांचे चेहरे बदलतात. त्या दिवशी आडनाव टाकलं आणि ईमेल पाठवला.

नोकरी गेली. जाऊ दे. यापुढे माझं काम पूर्ण नावानेच जाईल, नाहीतर जाणार नाही.