सुकापूरच्या हॉलमधला शेवटचा दिवा

"कोनी टांगला ह्यो? आरं, पोराच्या डोक्यात परला असता म्हंजी?"

सुकापूरच्या शेठचा आवाज त्याच्या हॉलच्या उंच कमानदार छताला आपटून परत खाली यायचा, त्यामुळं एक शेठ ओरडतोय की चार, कळेना. संध्याकाळी त्याच्या मुलाची हळद. नवरदेवाला बसवायचा पाट मांडलेला, आणि बरोब्बर त्या पाटावर आमच्या हँगिंग दिव्याचा चुरा.

ही गोष्ट तुम्ही पनवेलात ऐकली असेल. मीच सांगितलीय, हजारदा. बरं, शंभरदा. पण खरी, एक माणूस सोडला तर, कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. आज सांगतो — कारण खोटी सांगून सांगून आता जबडा दुखायला लागलाय.

मी आणि अनंता, वायरिंगच्या कामात भागीदार. मी कामं आणायचो आणि बोलायचो, अनंता वर चढायचा. ते छत एवढं उंच की परांचीवर अनंता खालून चिमणीएवढा दिसायचा. दिवा कसलाही असो — तो आधी पीओपीच्या नक्षीतून आरपार जाऊन थेट स्लॅबमध्ये लोखंडी फास्टनर ठोकायचा, त्याला स्वतः लोंबकळून बघायचा, मगच दिवा.

शेवटच्या दिव्याला फास्टनर संपले. अनंता बाजारात निघाला. जाताना म्हणाला, "मी येस्तवर तू नुसता बोलत ऱ्हा. तुला तेवडंच येतंय."

हसत म्हणाला. मीही हसलो. पण लागलं — का लागावं? खोटं थोडंच होतं? मागच्या अंगणात धवलारीण लग्नाची गाणी गात होती, सगळ्या बाया तिच्याभोवती. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी आपण खरंच चढलो होतो असं सांगता यावं.

चढलो. पिशवीच्या तळाशी एक चुकार फास्टनर सापडला होताच. वर पोचलो तर एका हाताची बांबूला मिठी, ती सुटेना. ड्रिलला दोन हात लागतात. मग काय — पीओपीतच साधा स्क्रू पिळला, दिवा अडकवला आणि देवाचं नाव घेत उतरलो. अनंता आला तेव्हा छाती काढून म्हणालो, "बघ, एक फास्टनर सापडला, लावला."

"स्लॅबात?"

"मग काय आभाळात?"

आणि आता शेठ ओरडत होता. नवी बिल्डिंग बांधत होता तो, तिचं वायरिंग आम्हालाच देणार होता. ते काम त्या चुऱ्यात पडलेलं मला दिसत होतं. तोंड आपोआप उघडलं — नाही, आपोआप कसलं, मीच उघडलं.

"शेठ, अनंतानं तुमची हळद कालपासनंच सुरू केलीय. त्याला दोन छतं दिसली, गड्यानं दुसऱ्याला भोक पाडलं!"

शेठ पोट धरून हसायला लागला. सगळेच हसले. राग कुठल्या कुठं गेला.

अनंता दारूला कधी शिवलाही नव्हता. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून. 'थट्टा केली शेठ, तो मी लावला' — एवढंच. किती वेळ वाट बघितली त्यानं? मी खाली वाकून काचा गोळा करत राहिलो.

काम मिळालं. "त्या बेवड्याला वर चढवायचा नाय," अशी अट होती. मी मान डोलावली. पुढं तर कुणीच त्याला चढवेना. आणि ती गोष्ट इतकी जमली होती की टपरीवर, लग्नांत लोक मागून घ्यायचे — ती दोन छतांची सांगा ना! मी सांगायचो. दर खेपेला अनंताला एक घोट जास्त पाजायचो. एकानं तर मोबाइलवर रेकॉर्ड केली.

बऱ्याच वर्षांनी बेलपाड्याला त्याच्या घरी गेलो. घरात बसून तो लोकांचे मिक्सर दुरुस्त करतो आता. उंबऱ्यातच सगळं बोललो — एकही गंमत न घालता. तो हातातला स्क्रू पिळत होता. पिळून झाला, मिक्सर हलवून बघितला.

मी म्हटलं, "चल, टपरीवर चहा मारू."

"घरातच घे," तो म्हणाला. "टपरीवर मी जात नाय."