आधी मला पाजलेला काढा

"आधी तू पी. तुला सोसलं तर सूनबाईला देते."

बाई हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. अमरावतीच्या त्यांच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलाशी. माझ्या हातात फरशीचं फडकं. पोटात सातवा महिना. सुनेलाही दिवस गेलेले. ती मान खाली घालून पोहे खात राहिली.

"तुमच्या लोकांना काहीही पचतं," बाई हसल्या. "आणि झाडपाल्याचंच आहे. त्यानं कधी अपाय होतो का?"

मी प्याले. कडू जहर. पेला रिकामा होईस्तोवर बाई समोर उभ्या.

मग रोजच. मळमळ. पोटात कळ. सांगितलं, तर म्हणाल्या, "नाटकं नकोत."

नवरा त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर. राहायचो त्यांच्याच आवारातल्या खोलीत. माहेर अकोल्याला, तिथं भावाचाच संसार एका खोलीत.

"पिऊन घे ना," नवरा म्हणाला. "नाई म्हणशीन तं जाऊ कुठी आपण?"

खरंच होतं. काम त्यांचं, छप्पर त्यांचं. आता पोटही त्यांचंच.

आठव्यातच कळा सुरू झाल्या. पोरगी झाली. मुठीएवढी. रडलीच नाही. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टरीण बाहेर आली. "गरोदरपणात काही औषध, काढा घेतला होता?"

माझ्या आधी सोबत आलेल्या बाईच बोलल्या, "अहो, ही लोकं वस्तीवरचं काहीबाही खातात. किती सांगितलं हिला!"

नवऱ्यानं माझा हात दाबला. गप्प राहा म्हणून.

आत लेक श्वासासाठी झगडत होती. मी हात सोडवला.

"मॅडम, यायनंच पाजला मले. रोज. पयले माह्यावर करून पायणार होत्या, मंग सुनेले देणार होत्या."

"त्यानंच झालं असं आत्ता सांगता येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण झाडपाल्याचंही बाळापर्यंत पोचतं. काय होतं त्यात?"

बाईंनी कोणाकडून तरी आणलेली भुकटी. त्यात काय, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

घरी जाताच बाईंनी सुनेसाठी ठेवलेली भुकटी मोरीत ओतली. नवऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं. मग बाईंनी आम्हाला खोली सोडायला सांगितलं.

लेक अजून पेटीतच आहे. नवरा म्हणतो, बाईंची माफी माग, खोली राहील.

नाही मागणार. लेक वाचली तरी नाही. गेली तरी नाही.