खदानीतल्या छत्र्या

टँकरच्या ड्रायव्हरनं बादली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, ह्ये पाणी मी नाय भरणार. ह्याच्यात छत्र्या हायेत.”

खरंच होत्या. रुपयाएवढ्या, पारदर्शक, उघडत-मिटत वर येणाऱ्या. पालिकेच्या पाणीपुरवठ्यात पाण्यातला गढूळपणा आणि क्लोरिन मोजण्यात माझे केस पांढरे झाले, पण इतका आनंद मला कुठल्याच बादलीनं दिला नव्हता.

दुष्काळाचं वर्ष. शहर वाळूजच्या पुढं पसरलेलं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. म्हणून दौलताबाद रस्त्यावरच्या एका जुन्या खदानीतलं पाणी आम्ही वापरासाठी टँकरनं द्यायचो. आमच्या साहेबांनी बादलीत एकदा डोकावून हुकूम सोडला, खदानीत टीसीएलचा डबल डोस टाका. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीचा फोटो पेपरात येईल, याची त्यांना धास्ती.

पण त्याच खदानीवर शेजारच्या वस्तीवरच्या कौसाबाईची मेंढरं पाणी प्यायची. डबल डोस पडला तर ती कितीतरी दिवस तोंड लावणार नाहीत, आणि जवळपास दुसरं पाणी नव्हतं. मी साहेबांकडून एक दिवस मागून घेतला.

मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना फोन लावला. त्या हसायलाच लागल्या. गोड्या पाण्यातली जेलीफिश. नावात फिश असली तरी मासा नव्हे, पाठीचा कणाच नाही. मूळची परदेशातली. माणसाला, जनावराला काही करत नाही. फिश टँकमधल्या वनस्पतींना चिकटून येते, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन खदानीवर गेले. कौसाबाई म्हणाली, मेंढरं महिनाभर हेच पितायत, एकही आजारी नाही. इथं कुणी मासे सोडले होते का, मी विचारलं.

तिनं साहेबांकडं बोट केलं. “ह्येच की. काचंची पेटी घिऊन आल्ते. माशांला हात जोडून गेले.”

साहेब कानापर्यंत लाल झाले. घरात प्यायला पाणी नाही आणि माशांचे लाड कसले, असं वहिनींनी सुनावल्यावर पाहणीला येताना त्यांनी टँक इथं रिकामा केला होता, झाडपाल्यासकट.

जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, “लाल मासे आहेत का हो अजून?”

“हायेत की. लई मोठाले झालेत.”

साहेब पँटची पर्वा न करता काठावर बसले आणि मासे शोधू लागले. डबल डोस तिथंच रद्द झाला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

फिश टँक कुठल्याही पाण्यात रिकामा करू नये, असं पत्रक पुढं आमच्याच ऑफिसनं काढलं. खाली साहेबांची सही होती. तेव्हापासून पाण्यात नवं काही दिसलं की मी चौकशी ऑफिसातून सुरू करते.