दुसऱ्या तोटीवरचं कुंकू

मी भित्री आहे हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे आणि त्यावरून मला चिडवायची सगळ्यांना मुभा आहे. कुकरची शिट्टी जरा लांबली की मी मागे सरते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. गाडीत नवऱ्याशेजारी बसले की माझाही पाय ब्रेक शोधत असतो. ही भीती मला आईकडून आली, आणि म्हणूनच मुलगी झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आपलं सगळं हिने घ्यावं, एवढं सोडून. तिने ते घेतलंही नव्हतं. आठ वर्षांची कार्टी गच्चीच्या कठड्यावर बसायची, रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या तोंडात बिस्किटं भरवायची. तिच्या वाट्याचं भ्यायचं काम मी करत होते.

नवरा हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली झोपतो. त्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. निळी, दोनच सीटची, आणि जमिनीला इतकी लागून की चिखलीतल्या आमच्या गल्लीतला प्रत्येक स्पीडब्रेकर ती तिरकी करून ओलांडावा लागतो. या गाडीचं तेल दोन ठिकाणी असतं, थोडं इंजिनाखाली आणि बाकीचं एका वेगळ्या टाकीत. म्हणजे तेल बदलायचं तर खालून दोन बोल्ट खोलायचे, दोनदा हात भाजून घ्यायचे आणि अंगण काळं करायचं. त्यावर त्याने उपाय शोधला. बोल्टच्या जागी बसणाऱ्या दोन पितळी तोट्या मागवल्या. छोटी दांडी उचलून फिरवली की तेल खालच्या डब्यात, पान्याची गरजच नाही.

पार्सल आलं तेव्हा मी विचारलं, "आणि रस्त्यात दगड लागून ही आपोआप उघडली तर?"

"याला क्लिप आहे. दाबल्याशिवाय दांडी हलत नाही." त्याने जेवणाच्या टेबलावर मला प्रात्यक्षिक दाखवलं. मी मान हलवली आणि विश्वास काही ठेवला नाही. त्या दांडीला मी आठवडाभर भीत होते. दगा दांडीने दिला नाही, हे आधीच सांगून टाकते.

तोट्या बसवायला त्याने खंडेनवमीचा दिवस धरला. आमच्याकडे त्या दिवशी यच्चयावत लोखंडाची पूजा होते. सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही इथल्याच जुन्या गावांतलं. शेती गेली, बिल्डिंगी आल्या, पण विळा-कोयता अजून माळ्यावर आहे. तो उतरवायचा, धुवायचा, आणि त्याच्या शेजारी मिक्सर, शिलाई मशीन, नवऱ्याचा लॅपटॉप आणि माझी स्कूटर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. दुपारी चाकणला नणंदेच्या यजमानांच्या वर्कशॉपमध्ये मोठी पूजा होती. निळ्या गाडीतून बाप-लेक पुढे जाणार आणि आम्ही तिघं मागून रिक्षाने, असं ठरलं होतं.

इथे आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. पिंपरीच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर लाइनवर तपासणीचं काम केलं. त्यांचा नियम घरातल्या खुर्चीच्या स्क्रूलासुद्धा लागू असतो. ज्याने बोल्ट आवळला त्यानेच त्यावर रंगाचा मार्क करायचा. दुसऱ्याने फक्त मार्क बघायचा. मार्क असलेल्या बोल्टला पुन्हा पाना लावायचा नाही, लावला तर आटे जातात. नवरा याच शिस्तीत वाढला. घरात रंगाचं पेन नाही म्हणून तो माझं लाल नेलपॉलिश वापरतो आणि मी दर दिवाळीला नवीन बाटली घेते.

सकाळी अंगणात त्याने गाडी फळ्यांवर चढवली आणि जुनं तेल काढलं. पहिली तोटी बसवली, मोजून आवळली, नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुसरी हाताने फिरवून बसवली आणि पाना उचलणार तोच फोन वाजला. ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं. सुट्टी असली तरी त्यांचं काहीतरी बंद पडतंच. तो हात पुसत वर गेला.

खाली आला तेव्हा आबा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलेले होते.

"आबा, बघितलं का?"

"दोनी मार्क हायती. ओके."

आबांचा ओके म्हणजे आमच्या घरात विषय संपला. नवऱ्याला वाटलं, आपण दोन्ही आवळून मगच वर गेलो होतो. त्याने नवं तेल ओतलं आणि इंजिन चालू करून बंद केलं. फरशीवर थोडे थेंब दिसले. मी बोट दाखवलं.

"बसवताना सांडलेलं असेल ते. तुला आमटी सांडली तरी पूर आल्यासारखं वाटतं."

पोरगी हसली, आबा हसले, मीही हसले. मग ती बापाशेजारी बसली, पट्टा लावला आणि मला एक ऐटबाज सलाम ठोकून गेली.

मी स्वयंपाकघरात आले. सासूबाई पूजेचं ताट विसळत होत्या, खुशीत होत्या. म्हणाल्या, "सगळ्यास्नी लावलं बघ या वक्ताला, कुनी ऱ्हायलं न्हाई. गाडीखालच्या त्या नव्या तोट्यांना बी लावलं. त्यो फोनवर व्हता तवा पोतं टाकून आडवी झाले आन हात घातला आत."

मी कौतुकाने हसले. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "एक लई घट हाय. दुसरी चांगली हाय, बोट लावलं की गरागरा फिरती."

त्यांच्या लेखी ती तोटी होती, आणि तोटी फिरायचीच. दांडी फिरायला क्लिप दाबावी लागते, हे मला मात्र टेबलावर दाखवलं होतं. बोटाने गरागरा फिरली ती दांडी नव्हती, अख्खी तोटी होती. आबांनी टॉर्चच्या उजेडात बघितलेला दुसरा लाल ठिपका कुंकवाचा होता.

मी अंगणात धावले आणि आबांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ते चप्पल न शोधता स्कूटरकडे चालू लागले. मी नवऱ्याला फोनवर फोन लावत होते. तो उचलणार नाही हे मला ठाऊक होतं. पोरगी शेजारी असताना फोन बंद करून कप्प्यात टाकायचा, ही शपथ मीच त्याला घातली होती.

चाकणचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय वेगळं सांगू? कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसेस, आणि त्यांच्या मधल्या फटींतून दुचाकी. तिथे ती बुटकी गाडी अचानक बंद पडली तर मागच्या ट्रकवाल्याला ती दिसणारही नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या मोठ्या चाकांसमोर मला सारखा तो सलाम दिसत होता.

माझ्या स्कूटरवर मागे बसलेले आबा रस्ता वाचत होते. रस्ताभर तेलाचे डाग होते, मी प्रत्येकाला दचकत होते. आबा कानाशी म्हणाले, "काळ्याकडं बघू नको. ते ट्रकाचं. आपलं आजच वतलंय, मधासारखं असंल."

गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकरवर मधासारखा एक थेंब होता. मोशीच्या चौकात, सिग्नलला गाडी थांबली असेल तिथे, तळहाताएवढं थारोळं होतं. इंद्रायणीच्या पुलावर बारीक पिवळसर रेघ सुरू झाली आणि तुटेचना. मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आठवत नाही.

पूल ओलांडल्यावर चिंबळी फाट्याच्या अलीकडे रस्त्यात मोठा चकाकता पट्टा पसरलेला होता. आमच्या पुढची मोटरसायकल त्याच्यावरून सरकली. चालवणाऱ्याने पाय टेकून कसंबसं सावरलं आणि एक सणसणीत शिवी हासडून तो निघून गेला. मागे कंपनी सुटलेल्या पोरांची रांगच होती.

"थांब," आबा म्हणाले आणि मी थांबायच्या आतच उतरले. "मी हितं माती टाकतो. तू जा म्होरं."

"आबा, तुमची नात आहे पुढे! माती काय टाकता?"

"मी ओके म्हनलोय. हितं कुनी पडलं तर ते माझ्या मार्कावर पडलं. जा तू."

मला त्यांचा त्या क्षणी इतका राग आला की मी स्कूटर तशीच पुढे काढली. आरशात दिसलं, सणाच्या पांढऱ्या कपड्यातला, अनवाणी म्हातारा एका हाताने कडेची माती रस्त्यावर फेकत होता आणि दुसऱ्या हाताने गाड्यांना बाजूला करत होता. आता मला दोन ठिकाणची भीती होती.

रेघ पुढे एकाएकी संपली. तेल थांबलं होतं की उरलंच नव्हतं, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. कुरुळीच्या पुढे गाडी दिसली. तिचं नाक कडेच्या मातीत होतं, मागचा भाग अर्धा रस्त्यावर. दोन्ही दारं उघडी, बॉनेटवर झेंडूचा हार. आत कुणीही नव्हतं.

मी ओरडले असणार, कारण पंक्चरच्या टपरीतला माणूस धावत बाहेर आला. त्याच्या मागे, टायरच्या ढिगावर, माझी पोरगी बसली होती. नवरा तिच्यासमोर उकिडवा बसून तिला पाणी पाजत होता. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला, इंजिनातून खडखड आवाज आला, तसं त्याने इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली होती. मागचा ट्रक करकचून थांबला तो अगदी काचेला टेकून.

मी तिला पोटाशी धरलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. ती रडतही नव्हती. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "मम्मी, आजोबांनी बघितलं होतं ना?"

मी म्हणाले, हो, बघितलं होतं.

परत येताना आबा तिथेच होते, कोपरापर्यंत मातीने भरलेले. तिला बघून ते मटकन खाली बसले आणि तोंड झाकून रडले. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच गळून गेला, आणि कुणीच कुणाला दोष दिला नाही. सासूबाईंनाही आम्ही पूर्ण सांगितलं नाही. गाडी बिघडली होती, एवढंच त्यांना माहीत आहे. गाडीला दुसरं इंजिन बसलं. तोट्या त्याच आहेत, दोन्ही आवळलेल्या, आणि मार्क आता निळ्या रंगाचा असतो.

पोरगी आता कठड्यावर बसत नाही. सकाळी शाळेची बस आली की आधी रस्त्यावर हात टेकून, वाकून बसच्या खाली बघते. रिक्षा असली तरी बघते, माझी स्कूटर असली तरी बघते. बसमधली मुलं हसतात. मला तिला थांबवता येत नाही, कारण तिथे नेमकं काय दिसू शकतं हे मला माहीत आहे.

आबा रोज तिचं दप्तर घेऊन फाटकापर्यंत येतात. "मी बगितलंय गं, ओके हाय," ते म्हणतात.

ती "हो आजोबा" म्हणते, आणि तरी वाकते.