खिडकीसमोरचा सिग्नल

संध्याकाळी पूर्णानगर मार्गावरची मेट्रो गाडी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर सिग्नलसाठी थोडा वेळ थांबते. उंच खांबांवरची ती उजळलेल्या खिडक्यांची ओळ कडुनिंबाच्या शेंड्यामागून अशी हळूहळू सरकते, की गाडी स्थिर असून आमचे घरच कुठेतरी निघाले आहे, असे वाटावे.

हा मार्ग बांधू लागले, तेव्हा मी संतापून हरकतींमागून हरकती नोंदवल्या. रहिवाशांची शांतता हिरावण्याचा अधिकार यांना कोणी दिला? आवाज अडवणारी उंच भिंत मी मागितली आणि ती मंजूर करवून घेतली. रुळांच्या कडेने बसवले जाणारे तिचे करडे पत्रे आता शेजारच्या इमारतीपर्यंत आले आहेत; पुढची पाळी आमच्या खिडकीची.

पक्षाघातानंतर माझी पत्नी सुमती या खिडकीपाशीच बसून असते. काल गाडी थांबली, तशी डब्यातल्या एका अनोळखी बाईने केसांतला गजरा काढून काचेपाशी धरला. सुमतीने डावा हात उचलला.

"रोज काहीतरी दाखवते हो ती मला," सुमती म्हणाली. "परवा विणायला घेतलेली टोपी होती."

उजेड आणि वारा यांवरच्या हक्काविषयी कायदा बोलतो; खिडकीतून येणाऱ्या माणसांविषयी तो गप्प आहे. गाडी निघून गेली, तरी सुमतीचा हात तसाच अधांतरी राहिला होता.

मी कागद पुढे ओढला.

"आता कोणावर चिडलात?"

"ती भिंत मागणाऱ्या अर्जदारावर," मी म्हणालो, आणि त्याच्याविरुद्ध सविस्तर हरकत लिहू लागलो.