चांदीपच्या वाटेचा दावा

पौषातलं कोवळं, तिरपं ऊन वसईच्या न्यायालयातील अभिलेख कक्षाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलं होतं आणि आतून लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांचा, डांबरगोळ्यांचा नि दमट कागदाचा संमिश्र गंध येत होता. त्या गंधाने मला का कोण जाणे चांदीपचं आमचं शेत आठवलं; झोडणीनंतर खळ्यात उरणारा पेंढा, आणि थोरल्या काकांच्या बांधाकडे पाठ करून जेवायला बसणारे बाबा.

शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरून दोघा भावांचा दावा झाला, तेव्हा मी जेमतेम शाळेत जाऊ लागले होते. ‘काकांनी आपल्याला कोर्टात खेचलं’ हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोजच्या वापरातलं. बाबा गेले तरी ते राहिलं. आता माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कुलदेवतेपुढे पत्रिका ठेवली की दुसरी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या हाती द्यायची, हा आमचा रिवाज. आणि वडीलधारे म्हणून उरले होते ते एकटे काकाच. पण त्यांना पत्रिका द्यायचं म्हटलं की आई ऐकेना. म्हटलं, मुळात काय घडलं ते एकदा कागदावरच वाचावं आणि मग काकांच्या दारी जायचं की नाही ते ठरवावं.

इतका जुना दावा मोबाइलवर सापडत नाही, हे कळायला एक सकाळ गेली. मग नक्कल मिळण्यासाठी अर्ज लिहिला, कोर्ट फीचा स्टॅम्प डकवला, मृत पक्षकाराची मुलगी म्हणून नातं नोंदवलं, वादी म्हणून काकांचं नाव घातलं. दोन खेपा झाल्या. नोंदवहीत असा दावाच नव्हता. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं मी जरा चिडून पुटपुटलेसुद्धा. खिडकीतल्या बाई मात्र शांतपणे पानं उलटत राहिल्या.

“ताई, नावं उलटी करून बघू का?” त्या म्हणाल्या. “घरी सांगतात एक, इथे निघतं भलतंच.”

आणि दावा सापडला. वादी माझे बाबा. प्रतिवादी काका.

आठवड्याने नक्कल हाती आली. काकांची जबानी चारच ओळींची होती: कुंपण गुरांसाठी घातलं, वाट अडवायला नव्हे, धाकट्याने एका शब्दाने मागितली असती तर त्याच दिवशी मोकळी केली असती. अनोळखी अशिलांच्या गर्दीत, बाकावर बसल्या बसल्या मला रडू आलं. बाबांचा राग आला, आणि पाठोपाठ त्यांची दयाही.

घरी आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी कागद पुढे धरला. तिने तो हातात घेतला नाही.

“मना ठाव हाय,” ती म्हणाली. “दावा तुज्या बापानंच लावलेला. मीच त्याच्या पाठी लागलेली.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“कोनी इचारलंच नाय.”

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. न्यायालयाकडे मी रीतसर अर्ज केला; पण रोज जिच्या ताटाला ताट लावून जेवले, तिच्याकडे तो कधीच केला नव्हता. ओसरीवर पत्रिकांचा गठ्ठा तसाच पडला होता आणि ऊन हळूहळू माडांच्या शेंड्यांवर चढत होतं. काकांच्या दारी जायचं, एवढं आता ठरलं होतं. पण पत्रिका त्यांच्या हाती मी द्यायची की तिने, हे तिला विचारायचा मला धीर होईना.