बायडाबाईची चौकशी

नारायणगावच्या एका दवाखान्यात सिटीस्कॅन मी काढतो, पण त्या खोलीवर राज्य बायडाबाईचं. हुद्दा मावशीचा, तोरा सिव्हिल सर्जनचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर कंटाळला म्हणून सुटली. बाईमाणूस दारात आलं की शेजारी सासरा असो नाहीतर सरपंच, ही ठणकावून विचारणार, "पाळी कधी आली व्हती?" पेशंट लाजून अर्धमेली व्हायची.

परवा खोडदच्या चिमाबाई सुनेला घेऊन आल्या. तेजस्विनी गाडीवरून पडलेली, कंबर धरून चालत होती. डॉक्टरांनी कंबरेचं स्कॅन लिहिलेलं. बायडाबाईनं आपला प्रश्न टाकला. सुनेनं सासूकडं पाहिलं.

"तसलं काय न्हाई," सासूच बोलली.

मी पोरीला टेबलावर झोपवलं. चिमाबाई दारात कुरकुरत होत्या, "त्या मोठ्या दुर्बिणीच्या अँटेनांचा रस्ता सोडून लई लांबून आणली बया हिला."

"का वो?" बायडाबाईनं विचारलं.

"किरणं लागत्यात म्हणं, पोटातल्या जिवाला." बोलून गेल्या आणि पदर तोंडात कोंबला.

"रामदास, मशिनीवरचा हात काढ," बायडाबाई म्हणाली.

पाळीची तारीख विचारून मोजलं, तर दहावा आठवडा निघाला. तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून सासूबाई धडधडीत खोटं बोलल्या होत्या. माझं टाळकंच सटकलं.

"आजी, त्या अँटेना बिचाऱ्या आकाशातलं नुसतं ऐकतात. किरणं सोडतं ते हे माझं धूड. ह्याच दिवसांत बाळाच्या मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागेला निघतात. किरणं जास्त झाली तर काही मरतात, काही वाटेतच अडकतात. मग पोर जन्मभर मागं राहतं. एका स्कॅननं तसं होईलच असं नाही, पण गरज नसताना जुगार कशाला?"

"आन दृष्ट लागली मंजी?"

"दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी उतरती," बायडाबाई म्हणाली. "पोराचा मेंदू कशानं भरून काढशील गं?"

डॉक्टरांनी स्कॅन रद्द केलं, सोनोग्राफी आणि विश्रांती सांगितली. तेजस्विनी जाताना बायडाबाईचा हात सोडेना.

ती गेल्यावर मी म्हणालो, "मावशे, आज तू नसतीस तर..." आणि मला मागचं आठवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बायडाबाई दीड महिना घरी होती. मशीन रोज चालू होतं. बायकांना तसलं कसं विचारायचं, म्हणून त्या दीड महिन्यात मी एकीलाही विचारलं नव्हतं.